नर्सिंग की रेडिओलॉजी? बारावीनंतर निवड करताना खरा फरक कुठे असतो

नीटचा निकाल लागतो, एमबीबीएसची आशा मावळते आणि घरात नवी यादी निघते: बीएस्सी नर्सिंग, जीएनएम, बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी), रेडिओलॉजी, डायलिसिस, लॅब. यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो नर्सिंग आणि रेडिओलॉजी टेक्नॉलॉजी या दोघांत. सल्ले तर चारी बाजूंनी येतात. काका म्हणतात, "नर्सिंगमध्ये पोरीचे हाल होतील, त्यापेक्षा एसीत बसून एक्स-रेचं मशीन चालवू दे." मावशी म्हणते, "मशीनपाशी राहून पुढे मूलबाळ होत नाही म्हणे." अशा दोन वाक्यांवर पोरांची चार वर्षं आणि आईबापाचे काही लाख ठरतात. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, म्हणून मुळापासून बघू.

एकाच खाटेपाशी दोघं

आयसीयू, पहाटेचे साडेतीन. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा छातीचा एक्स-रे हवा आहे. टेक्निशियन पोर्टेबल मशीन ढकलत आणतो. खाटेपाशी जी सिस्टर उभी आहे, ती रात्री आठपासून याच पेशंटबरोबर आहे. अकराला बीपी कोसळलं होतं, कुठलं औषध पंपावर किती वेगाने चालू आहे, तासाला लघवी किती झाली, हे तिच्या डोक्यातही आहे आणि चार्टवरही. ती एका हाताने तोंडापाशी श्वासनळीची ट्यूब धरते, मामांना म्हणजे वॉर्डबॉयला हाक मारते, आणि "एक, दोन, तीन" म्हणत दोघं मिळून पेशंटला खांद्यातून उचलतात. टेक्निशियन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला डिटेक्टर पाठीखाली सरकवतो. दोन्ही खांदे सरळ आहेत ना ते पाहतो, छातीवरून गेलेल्या ईसीजीच्या वायरी बाजूला करतो, मशीनच्या एक्स-रे नळीचं तोंड नेमकं वर आणतो आणि मोठ्याने म्हणतो, "एक्स-रे!" सगळे मागे सरतात. बटण दाबलं जातं. पडद्यावर चित्र येतं. ट्यूबचं टोक दिसतंय का, फुप्फुसाचा कोपरा कापला तर गेला नाही ना, हे तो तिथेच तपासतो, कारण चित्र बिघडलं तर या पेशंटला पुन्हा उचलावं लागणार.

मग तो निघतो. खाली कॅज्युअल्टीत दोघं थांबलेत. सिस्टर मात्र तिथेच. ती पेशंटला परत नीट निजवते, सक्शन करते, वेळ लिहिते.

माझ्या मते या दोन व्यवसायांतला खरा फरक हाच आहे. नर्सच्या वाट्याला पाळीभर तेच मोजके पेशंट येतात आणि त्यांच्यात तासातासाला होणाऱ्या बदलावर तिची नजर असते. टेक्निशियनच्या वाट्याला दिवसभरात कितीतरी माणसं येतात, प्रत्येकी काही मिनिटांसाठी, आणि त्या मिनिटांत एक अचूक चित्र मिळवणं ही त्याची जबाबदारी. घाण–स्वच्छ, सोपं–अवघड या जोड्या इथे फारशा कामाच्या नाहीत. अपघातातून आणलेल्या, रक्ताने माखलेल्या माणसाला टेबलावर सरळ निजवून सीटी काढणारा टेक्निशियन एसीत असतो खरा, पण त्याचेही हात भरतात. आणि मांडी मोडलेल्या माणसाला "जरा पाय वळवा" असं सांगून त्याच्या शिव्या ऐकून घेणं, हेही त्याच्याच कामात येतं.

नर्सिंग म्हणजे नेमका कुठला कोर्स?

तीन दारं आहेत. एएनएम दोन वर्षांचा, मुख्यतः गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठी. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्यांना खुला. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी, तिला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. पास झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि त्यानंतरच अधिकृतपणे नर्स म्हणून काम करता येतं.

परवडत असेल आणि विज्ञान शाखा असेल तर मी पदवीच घ्यायला सांगेन. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीपर्यंत पोहोचता येतं, हे खरं. पण नोकरी, लग्न, घर यांत ती दोन वर्षं काढणं किती जणींना जमतं, हे कुठल्याही वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरला विचारून बघा. कला शाखेच्या मुलीसाठी मात्र जीएनएम हा फार मोलाचा रस्ता आहे, कारण रेडिओलॉजीचं दार तिला बहुतेक ठिकाणी बंदच असतं.

नर्सिंगची जमेची बाजू म्हणजे आतल्या आत बदलता येणारी वाट. वॉर्ड झेपेना तर ऑपरेशन थिएटर, तिथून डायलिसिस, संसर्ग नियंत्रण, शाळा-कारखान्यातलं आरोग्य केंद्र, एमएस्सी करून शिकवणं. सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढती पदं आहेत.

आणि रेडिओलॉजी टेक्नॉलॉजी?

पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा. रेडिओलॉजिस्ट हा एमबीबीएसनंतर एमडी किंवा तत्सम शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो चित्र वाचतो आणि रिपोर्टवर सही करतो. टेक्नॉलॉजिस्ट ते चित्र काढतो. बीएस्सी किंवा बीपीएमटी करून कुणी रेडिओलॉजिस्ट होत नाही. कॉलेजच्या जाहिरातीत हे मुद्दाम धूसर ठेवलेलं असतं, त्यामुळे सावध राहा.

चित्र काढणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. कुठल्या जाडीच्या शरीरासाठी किरणांची किती शक्ती, कुठल्या कोनातून हाड सुटं दिसेल, सीटीमध्ये कॉन्ट्रास्ट म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध कितव्या सेकंदाला कुठे पोहोचेल, हे सगळं त्याच्या हिशेबात असतं. कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय ना हे सांगणारा, रिपोर्ट पाहायचा, ॲलर्जी विचारायची, सुई जाड आहे ना ते बघायचं. औषध गेल्यावर अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ते सगळ्यात आधी त्यालाच दिसतं.

एमआरआयची जबाबदारी तर वेगळीच. तिथलं चुंबक चोवीस तास चालू असतं, मशीन 'बंद' असतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण चुंबकाकडे ओढला गेला आणि दगावला. त्या दारात उभं राहून कुणाला, काय घेऊन आत सोडायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे टेक्नॉलॉजिस्ट.

आता एक गोष्ट, जी प्रवेशाच्या वेळी क्वचितच सांगितली जाते. परदेशात सोनोग्राफर हा तंत्रज्ञांचा मोठा व्यवसाय आहे. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, मग १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याच्या चौकटीत सोनोग्राफी पात्र डॉक्टरनेच करायची असते. मुलींची संख्या घसरत असताना हे बंधन गरजेचंच होतं. पण रेडिओलॉजीला जाणाऱ्याने हे धरून चालावं की आपलं काम एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), कॅथ लॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या एक्स-रेखाली बघतात ती खोली) आणि थिएटरमधला सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं फिरतं एक्स-रे मशीन) इतकं असेल.

पण रेडिएशनचं काय?

भीती समजण्यासारखी आहे, म्हणून आकड्यांत बोलू. शरीराला मिळालेला किरणांचा डोस मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. जमिनीतून, हवेतून, आकाशातून प्रत्येक माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या एका एक्स-रेत पेशंटला ०.१ किंवा त्याहून कमी मिळतो. पोटाच्या सीटीत साधारण आठ-दहा. हा झाला पेशंटचा डोस. टेक्निशियन तर किरणांच्या झोतात उभाच नसतो, तो काचेपलीकडे असतो.

भारतात याचं नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेली, १९८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिची मर्यादा अशी: किरणांपाशी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. पुरुषाला तात्पुरतं वंध्यत्व यायला वृषणांवर एकाच वेळी शंभर मिलिसिव्हर्टच्या वर डोस पडावा लागतो. नियम पाळून चालणाऱ्या विभागात ती वेळ येण्याचा संबंधच नाही.

हे मोजतात कसं? टीएलडी नावाचा छोटा बॅज छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावतात. त्यातल्या चकत्या पडलेली ऊर्जा साठवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. दर तीन महिन्यांनी बॅज बदलतो आणि डोस तुमच्या नावावर नोंदला जातो.

बचावाचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर. शेकोटीपासून जरा मागे सरलं की धग लगेच उतरते, तसंच इथे. उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की डोस चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून तर आयसीयूत "एक्स-रे!" अशी हाक देतात. शिवाय बटण सोडलं की किरण संपले. खोलीत काही साचून राहत नाही.

गंमत पाहा, एमआरआयवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला या प्रकारचा डोस मिळतच नाही, कारण तिथे चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. उलट कॅथ लॅबमध्ये डॉक्टरांशेजारी उभी राहणारी नर्स तासन् तास किरणांच्या सावटात असते आणि तिलाही ॲप्रन, बॅज लागतो. "नर्सिंग घेतलं म्हणजे रेडिएशन टळलं" असं काही नाही.

गरोदरपणात काय? गरोदर असल्याचं कळवल्यापासून गर्भाच्या वाट्याला १ मिलिसिव्हर्टहून जास्त येऊ नये असा दंडक आहे. त्यासाठी कामाची जागा बदलून देतात. नोकरी सोडायला लावण्याचं ते कारण होत नाही.

काळजी करायचीच असेल तर ती वेगळ्या गोष्टीची करा: बॅज ड्रॉवरमध्ये पडलेत, ॲप्रनला भेगा गेल्यात, पेशंटला धरायला रोज त्याच माणसाला उभं करतात, अशी छोटी सेंटरं आहेत. नोकरीच्या मुलाखतीतच "माझा बॅज कधी मिळेल?" असं विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तिथे जाऊ नका.

नोकऱ्या कुठे जास्त?

नर्सिंगमध्ये, आणि फरक थोडाथोडका नाही. रेल्वे भरती मंडळाच्या २०२४ च्या पॅरामेडिकल जाहिरातीत एकूण १,३७६ पदं होती. त्यांतली ७१३ नर्सिंग सुपरिंटेंडंटची, रेडिओग्राफरची म्हणजे एक्स-रे टेक्निशियनची ६४. मूळ पगार पहिल्यांचा ४४,९०० रुपये, दुसऱ्यांचा २९,२००. एम्सच्या नॉरसेट परीक्षेतून लागणाऱ्या नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगारही ४४,९०० च आहे. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयासाठी केंद्राच्या २०१२ च्या मानकांत दहा स्टाफ नर्स आणि एक रेडिओग्राफर धरला आहे. साधं कारण आहे. खाटा वाढल्या की नर्सेस वाढवाव्याच लागतात, मशीन मात्र एकच पुरतं.

अर्थात नर्सिंगची भरती जास्त म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. कंत्राटी पद्धतीच्या भरतीविरुद्ध राज्यातल्या परिचारिकांना २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये संपावर उतरावं लागलं. खाजगी क्षेत्रात तर सुरुवातीचा पगार वरच्या सरकारी आकड्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो, दोन्ही व्यवसायांत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतकेच. कितीतरी छोट्या नर्सिंग होममध्ये ही शिफारस आजही कागदावरच आहे, आणि याची मला मनापासून चीड येते.

कामाचा ताणही आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक आणि शिकवणी रुग्णालयात तिघांमागे एक नर्स असा आहे. सरकारी वॉर्डात रात्री जाऊन खाटा मोजा, जमिनीवरच्या गाद्याही मोजा, आणि ड्युटीवरच्या सिस्टर मोजा. कंबर आणि पाय का जातात ते कळेल.

रेडिओलॉजीत पदं कमी, पण सीटी–एमआरआयवर हात बसलेल्या माणसाला शहरात मागणी असते. निव्वळ साध्या एक्स-रेवर राहिलेल्याचा पगार लवकर अडतो. म्हणून या क्षेत्रात जायचं तर दोन्ही मशीनं शिकूनच बाहेर पडायचं.

मुलगा आणि नर्सिंग?

का नाही? आयसीयू, कॅज्युअल्टी, ट्रॉमा, डायलिसिस इथे ब्रदर म्हणजे पुरुष नर्स लागतातच. अडचण जागांची आहे. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत. मुलाने नर्सिंग घेताना ही स्पर्धा धरूनच घ्यावं, लाजेपोटी टाळू नये.

नाईट ड्युटी रेडिओलॉजीत नसते ना?

असते. जिथे अपघात विभाग आहे तिथे सीटी रात्रभर चालू असतो, आणि बऱ्याचदा टेक्निशियन रात्री एकटाच असतो. फक्त बाह्यरुग्णांसाठीच्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये दिवसाची नोकरी मिळू शकते. नर्सलाही क्लिनिक किंवा शाळेत मिळते. पण सुरुवातीची काही वर्षं दोघांनाही रात्र चुकत नाही, हे मुलीच्या घरच्यांनी आणि पुढे सासरच्यांनीही समजून घ्यायला हवं.

एआय आलं की टेक्निशियन घरी बसणार?

एआयचा रोख सध्या चित्र वाचण्यावर आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीची प्रणाली छातीच्या एक्स-रेत क्षयरोगाच्या खुणा शोधते. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे मशीनं आणि एआय दोन्ही वापरली गेली. म्हणजे चित्रं वाढली, आणि ती काढायला माणूस लागलाच. घाबरलेल्या म्हाताऱ्या आजींना "श्वास घ्या, रोखून धरा" हे त्यांच्या बोलीत समजावणं अजून कुठल्या सॉफ्टवेअरला जमलेलं नाही. मोजमाप, डोस, कोन ठरवणं हळूहळू मशीनकडे जाईल, त्यामुळे नुसतं बटण शिकलेल्याची गरज कमी होईल. ज्याला भौतिकशास्त्र नीट कळलंय त्याची नाही होणार.

परदेशी जायचं असेल तर

नर्सिंगचा रस्ता जास्त रुळलेला आहे. अमेरिकेसाठी एनक्लेक्स, ब्रिटनसाठी संगणकावरची परीक्षा आणि मग तिथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा, आखातासाठी प्रोमेट्रिक. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही नर्सेस आहेत. तिथे जर्मन भाषा मात्र पक्की लागते. रेडिओग्राफरला आखात आणि ब्रिटन शक्य आहे, पदवी असेल तर. अमेरिका मात्र अवघड, कारण तिथली नोंदणी मुख्यतः त्यांनीच मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमाला बांधलेली आहे.

कॉलेज बघायला गेल्यावर

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने रेडिओलॉजीसह अनेक शाखांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. त्या कायद्याच्या व्याख्येत बसायला किमान दोन वर्षांत पसरलेलं, किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. एका वर्षाचा 'एक्स-रे टेक्निशियन' डिप्लोमा विकणाऱ्याला हे ऐकवा. या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीने २०२५ मध्ये मनाई केली आहे. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय हवं, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रुग्णालय कुठे आहे विचारा, आणि दुपारी अचानक जाऊन त्यात पेशंट आहेत का ते बघा. रेडिओलॉजीला सीटी आणि एमआरआय त्याच आवारात आहेत की 'टाय-अप' आहे, ते बघा.

मग कार्यालयातून बाहेर या आणि कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं गाठा. आठवड्यातले किती दिवस वॉर्डात जाता? सीटीच्या कन्सोलवर स्वतः बसता की मागे उभं राहून बघता? आतापर्यंत कितीदा पेशंटला स्वतः सुई लावलीस? फी भरायची की नाही हे त्या मुलांच्या उत्तरांवर ठरवा.